काउंटी जेलचा आराखडा: आधी ड्युट्या, मग भिंती

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहराच्या उत्तर टोकाला, मल्टनोमा काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) 2004 मध्ये 525 खाटांचं एक जेल बांधून पूर्ण केलं. नाव वॅपटो, खर्च 5.8 कोटी डॉलर. सगळं तयार होतं, पण तिथे एकही कैदी कधी राहिला नाही. बांधकामासाठी मतदारांनी कर्जरोखे मंजूर केले होते. पहारेकऱ्यांचे पगार मात्र काउंटीच्या दरवर्षीच्या महसुलातून द्यायचे होते आणि तेवढी ऐपत उरली नव्हती. 2018 मध्ये ही इमारत 50 लाख डॉलरला विकली गेली आणि 2020 मध्ये तिथे बेघरांसाठी निवारा चालू झाला.

जेलच्या आराखड्यावर बसणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट आधी वाचावी असं मला मनापासून वाटतं. या क्षेत्रात ढोबळमानाने असं धरतात की जेलच्या तीस वर्षांच्या एकूण खर्चात बांधकामाचा वाटा दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. बाकीच्या खर्चाचा मोठा भाग पगारात जातो, आणि किती पगार द्यावे लागतील हे शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, ऑफिसात ठरण्याआधी बऱ्याच अंशी आर्किटेक्टच्या टेबलावर ठरून जातं. अमेरिकेत आर्किटेक्चर किंवा सिव्हिल शिकून सरकारी इमारतींची कामं करणाऱ्या फर्ममध्ये लागलेल्या मराठी मुलामुलींच्या हातात असं काम येऊ शकतं. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

काउंटी जेल म्हणजे नेमकं काय

जेल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येरवडा येतं. काउंटी जेल तसं नसतं. अमेरिकेत वर्षाहून जास्त शिक्षा झालेले लोक साधारणपणे राज्याच्या किंवा केंद्राच्या तुरुंगात जातात. काउंटी जेल बहुतेक ठिकाणी शेरीफच्या ताब्यात असतं आणि त्यात मुख्यतः कच्चे कैदी असतात, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे ते. देशभरातल्या जेलांमधले साधारण दोन तृतीयांश लोक असे आहेत. आपल्याकडचं पोलीस लॉकअप आणि सबजेल एकत्र केलं तर जे होईल, त्याच्या जवळपास जाणारी ही संस्था आहे.

आराखड्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की इथे वर्दळ प्रचंड असते. कुणी चार तासांत जामिनावर सुटतो, कुणी आठ महिने अडकून पडतो. येणारा माणूस दारू प्यायलेला आहे, आजारी आहे की जीव द्यायच्या मनःस्थितीत आहे, याची पहिल्या रात्री कुणालाच कल्पना नसते. अमेरिकेतल्या जेलांमध्ये मृत्यूचं सर्वांत मोठं एकच कारण आत्महत्या हे आहे. खर्च वाचवण्याचा प्रत्येक निर्णय या वास्तवाशी ताडून बघायचा.

पहिली पायरी: खाटा किती हव्यात, आणि कमी कशा होतील

रोज आत येणारी माणसं गुणिले सरासरी मुक्काम, म्हणजे रोजची सरासरी संख्या. समजा दिवसाला 10 जण येतात आणि सरासरी 15 दिवस राहतात, तर सरासरी 150. गर्दीच्या दिवसांसाठी यात 10 टक्के वाढवा, 165 होतात. शिवाय सगळ्या खाटा कधीच वापरता येत नाहीत. बायकांच्या विभागात चार खाटा रिकाम्या असल्या तरी तिथे पुरुष ठेवता येत नाही, आणि भांडलेल्या दोघांना एका ठिकाणी ठेवता येत नाही. म्हणून 85 टक्केच खाटा कामाच्या धरा. 165 भागिले 0.85 म्हणजे 194.

आता हाच हिशेब 11 दिवसांच्या मुक्कामाने करा. सरासरी 110, गर्दीसह 121, खाटा 142. जवळजवळ पन्नास खाटांचा अख्खा विभाग कागदावरून निघून गेला, आणि त्यासाठी एकही वीट कमी दर्जाची वापरावी लागली नाही. मुक्काम कमी करण्याचे उपाय कोर्टाकडे आणि काउंटीच्या कारभाराकडे असतात: पहिली सुनावणी लवकर घेणं, तारखेची आठवण मेसेजने देणं, किरकोळ गुन्ह्यात पैशाच्या जामिनाचा आग्रह न धरणं, मानसिक आजाराच्या माणसाला उपचाराकडे वळवणं. न्यू जर्सीने 1 जानेवारी 2017 पासून जामिनाची पद्धत बदलली आणि तिथली कच्च्या कैद्यांची संख्या मोठ्या प्रमाणात उतरली. हे आपलं काम नाही असं म्हणून आर्किटेक्टने गप्प बसू नये. बैठकीत न्यायाधीश, सरकारी वकील आणि शेरीफ एकाच टेबलावर असतात, तेव्हा हा गुणाकार फळ्यावर मांडून दाखवावा.

उलट, इतर काउंट्यांचे कैदी भाड्याने ठेवू आणि त्यातून कमावू, या हिशेबावर जादा खाटा बांधू नका. मॉन्टानातल्या हार्डिन गावात 2007 मध्ये 464 खाटांचं केंद्र अशाच आशेवर कर्जरोख्यांच्या 2.7 कोटी डॉलरमधून उभं राहिलं आणि पुढे वर्षानुवर्षं ओस पडलं. काउंटी फारच छोटी असेल तर शेजाऱ्यांशी मिळून एकच जेल बांधायचा विचार करावा. वेस्ट व्हर्जिनियात काउंट्यांच्या जेलांची जागा दहा प्रादेशिक जेलांनी घेतली आहे. पण मग कोर्टापर्यंतची ने-आण, गाडीसोबतचे दोन पहारेकरी आणि घरच्यांना कैद्याच्या भेटीसाठी (मुलाखतीसाठी) पडणारा लांबचा प्रवास, हेही हिशेबात मांडा.

दुसरी पायरी: एका ड्युटीची खरी किंमत

हा भाग पाठ असल्याशिवाय पेन्सिल हातात घेऊ नये.

चोवीस तास, बारा महिने माणूस हवा अशी एक जागा, म्हणजे एक ड्युटी, वर्षाला 8,760 तास मागते. आठवड्याला 40 तासांच्या नोकरीचे वर्षाला 2,080 तास होतात. त्यातून रजा, आजारपण, सणाच्या सुट्ट्या आणि प्रशिक्षण वजा केलं की एक कर्मचारी प्रत्यक्षात सुमारे 1,700 तास हजर असतो. 8,760 भागिले 1,700, म्हणजे 5.15. आराखड्यात अशी एक खुर्ची मांडली की पाचाहून थोडी जास्तच माणसं नेमावी लागतात. 1,700 हा आकडा गृहीत धरू नका, त्या काउंटीच्या हजेरीपटावरून काढा. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण जास्त असेल तर तो आणखी खाली जातो.

पगार, विमा, पेन्शन धरून एका माणसाचा खर्च वर्षाला 80,000 डॉलर असेल, तर त्या एका खुर्चीचे वर्षाला 4,12,000 डॉलर झाले. तीस वर्षांत, पगारवाढ न धरता, सव्वा कोटी डॉलरच्या आसपास. एखादा आंधळा कोपरा टाळण्यासाठी भिंत वळवायला दोन लाख डॉलर जास्त लागत असतील आणि त्यामुळे एक ड्युटी वाचत असेल, तर ती भिंत सहा महिन्यांत फिटते.

ड्युट्यांची यादी करताना दोन रकाने पाडा. पहिल्यात खाटा कितीही असल्या तरी लागणाऱ्या ड्युट्या: कंट्रोल रूम, बुकिंग (आणलेल्या माणसाची नोंदणी), शिफ्टचा प्रमुख, फिरता पहारा. दुसऱ्यात कैद्यांच्या संख्येप्रमाणे वाढणाऱ्या. पहिल्या रकान्यामुळेच छोटं जेल दर खाटेमागे महाग पडतं. त्याच मोहाने काही छोट्या काउंट्या कंट्रोल रूम आणि 911 चे, म्हणजे आणीबाणीचे, फोन एकाच माणसाकडे देतात. दारं उघडणारा माणूस अपघाताच्या फोनवर अडकलेला असताना आत मारामारी झाली तर काय होईल, याचा विचार करा. ही बचत मी कुणालाही सुचवणार नाही.

तिसरी पायरी: देखरेखीची पद्धत आणि विभागाचा आकार

जुन्या पद्धतीत लांब कॉरिडॉर आणि त्याला लागून कोठड्यांची रांग असे. पहारेकरी फेरी मारायचा तेव्हाच त्याला आतलं दिसायचं. दुसऱ्या पद्धतीत काचेच्या बंद खोलीत बसलेला माणूस भोवतालचे विभाग बघतो, पण कैद्यांपासून तुटलेला असतो. तिसरी पद्धत 1974-75 मध्ये शिकागो, न्यूयॉर्क आणि सॅन दिएगोच्या केंद्रीय कोठडी केंद्रांत सुरू झाली आणि काउंटीच्या पातळीवर 1981 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मार्टिनेझ इथे काँट्रा कोस्टा काउंटीने आणली. यात पहारेकरी विभागाच्या आतच, उघड्या टेबलाशी असतो. टीव्ही कधी लावायचा, फोनची पाळी कुणाची, कुणाचा चेहरा आज उतरलेला आहे, हे त्याला तिथेच कळतं. भांडण पेटायच्या आधी तो दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहू शकतो.

नवीन जेलमधल्या बहुसंख्य खाटांसाठी मी तिसरीच पद्धत सुचवेन. एक माणूस बऱ्याच जणांना सांभाळू शकतो आणि मोडतोड कमी होत असल्याने फर्निचरही थोडं साधं चालतं. पण तिला प्रशिक्षित माणूस लागतो. नुसतं टेबल आत नेऊन ठेवल्याने काही होत नाही.

आकार ठरवताना राज्याचे नियम समोर ठेवा. टेक्सासचं उदाहरण घेऊ: तिथे दर मजल्यावर 48 कैद्यांमागे किमान एक जेलर, म्हणजे पहारेकरी, हवा. 194 चा आकडा ओढून ताणून 192 वर आणला, तर एकाच मजल्यावर 48 चे चार विभाग बसतात आणि चार जेलर पुरतात. तेच लोक दोन मजल्यांवर 100 आणि 92 असे विभागले, तर वर तीन आणि खाली दोन, एकूण पाच लागतील. लोक तेवढेच, पण एक ड्युटी वाढली, म्हणजे वर्षाला 4,12,000 डॉलर. दोन मजले करायचेच असतील तर 96 आणि 96 करा. ज्या राज्यात काम आहे तिथला नियम काढा आणि विभाग त्या आकड्याच्या पटीत बसवा. 50 खाटांचा विभाग दिसायला छान गोल आकडा आहे, पण टेक्सासात 49 व्या माणसाला वेगळा जेलर लागतो.

मात्र सगळे विभाग एकसारखे नकोत. बायका, वैद्यकीय देखरेखीखालचे लोक, शिस्तभंगाबद्दल वेगळे ठेवलेले, हे गट लहान असतात. चारपैकी एक विभाग सोळा-सोळाच्या तीन भागांत तोडून मधल्या एकाच जागेवरून दिसेल असा करा. या भागांमधल्या भिंतीत दार ठेवलं आणि ते कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला जोडता आलं, तर बायकांची संख्या वाढली तरी जागा पुरते.

चौथी पायरी: पावलं मोजा

जेलमधला पगार मोठ्या प्रमाणात कुणाला तरी कुठून तरी कुठे तरी घेऊन जाण्यात खर्च होतो. म्हणून कैद्याला सेवेकडे नेण्याऐवजी सेवा कैद्याकडे न्यायची.

रात्रीच्या औषधांचं बघा. नर्स गाडा ढकलत येते. दर विभागाच्या दोन दारांपाशी कंट्रोल रूमने दार उघडेपर्यंत थांबते. आत एकेक जण रांगेत येतो, मनगटावरचा पट्टा दाखवतो, गोळी आणि पाण्याचा पेला घेतो, गिळल्यावर तोंड उघडून जीभ वर करून दाखवतो. जेलर शेजारी उभा असतो. गाडा लावायला जागा नसेल तर तो जिन्याच्या तोंडाशी अडतो, रांग डे-रूमच्या, म्हणजे कोठड्यांसमोरच्या सामायिक दालनाच्या, टेबलांमध्ये शिरते आणि जेलरची पाठ उरलेल्या चाळीस लोकांकडे होते. दाराशेजारी सहा बाय आठ फुटांचा कोनाडा, त्यात एक सिंक आणि जेलरकडे बघणारी खिडकी एवढं दिलं, तर वेगळा सोबती लागत नाही आणि दवाखान्यात माणसं न्यावी लागत नाहीत. ड्रॉइंगवर हे 48 चौरस फूट आहेत, आणि बजेट कापताना सगळ्यांत आधी हेच उडवले जातात. हट्टाने राखा.

याच न्यायाने मोकळ्या हवेचं आवार प्रत्येक विभागाला लागून ठेवा, म्हणजे जेलर टेबलावरून उठल्याशिवाय दार उघडू शकेल. वर्गाची खोली काचेच्या भिंतीची आणि डे-रूमला चिकटून हवी. जेवण डे-रूममध्येच. कोर्टातल्या छोट्या तारखांसाठी आणि मानसोपचारतज्ज्ञासाठी विभागालगत व्हिडिओची खोली. जेल कोर्टाच्या शेजारी बांधता येत असेल तर महाग जमीनही परवडू शकते. गावाबाहेरची फुकट जमीन घेण्याआधी रोजच्या गाडीच्या फेऱ्या आणि सोबतची माणसं तीस वर्षांसाठी मोजून बघा.

मुलाखतीबाबत सावध राहा. सगळ्या मुलाखती व्हिडिओवर नेल्या की सोबतीचं काम वाचतं हे खरं. पण समोरासमोरची भेट संपली की घरच्यांशी नातं तुटतं, आणि हे लोक बहुतांशी अजून दोषी ठरलेलेही नाहीत. टेक्सासने 2015 मध्ये कायदा करून समोरासमोरच्या भेटीचा हक्क दिला तेव्हा नुसत्या व्हिडिओच्या सोयीवर आधीच खर्च केलेल्या काउंट्यांना सूट द्यावी लागली. काचेपलीकडच्या भेटीची एक छोटी जागा विभागाच्या बाहेरच्या भिंतीला लावा. पाहुण्यांसाठी वेगळी वाट ठेवली की कैद्याला दोन पावलंच चालावं लागतं.

बुकिंगची जागा मोकळी, बाकांची, रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहासारखी ठेवली तर एकाच काउंटरवरून वीस-पंचवीस लोक दिसतात. शांत राहणाऱ्याला कोठडीत घालायची गरज नसते. बंद कोठड्या थोड्याच, आणि त्या काउंटरच्या थेट समोर. नर्सची तपासणी बोटांचे ठसे घेण्याच्याही आधी होईल अशा क्रमाने वाट काढा.

पाचवी पायरी: नजर तपासा

पहारेकऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर, बसून आणि उभं राहून, टेबलापासून रेषा ओढा. प्लॅनमध्ये सगळं नजरेत येतंय असं वाटतं, खरी अडचण सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदाच्या चित्रात, उघडी पडते. खाली 24 आणि वर 24 अशा दुमजली कोठड्या एका उंच डे-रूमभोवती ठेवल्या तर जागा वाचते आणि सगळी दारं एका नजरेत येतात. पण वरच्या मजल्याची फरशी खालच्या दारांवर किती पुढे येते ते बघा. जिना पायऱ्यांमधून आरपार दिसणारा हवा. वरचा कठडा उडी मारता येणार नाही असा वरपर्यंत जाळीने बंद करा.

न्हाणीघराची भिंत डोकं आणि पाय दिसतील इतकीच. कैद्यांवरील लैंगिक अत्याचार रोखण्याच्या 2012 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे अंघोळ करताना आणि कपडे बदलताना दुसऱ्या लिंगाच्या पहारेकऱ्याची नजर पडता कामा नये. मधला भाग झाकणारा अर्धा दरवाजा दोन्ही गरजा भागवतो.

कॅमेऱ्यामुळे ड्युटी कमी होईल असं विक्रेते सांगतात. घडलेलं नंतर बघायला कॅमेरा फार उपयोगी आहे, पण गळफास घेणाऱ्याला तो खाली उतरवत नाही. टेक्सासमध्ये दर तासाला, आणि आत्महत्येचा किंवा हिंसेचा धोका असलेल्यांच्या जागी दर अर्ध्या तासाला, प्रत्यक्ष जाऊन बघणं सक्तीचं आहे.

सहावी पायरी: बांधकामात कुठे काटकसर करायची

प्रत्येक भिंत सर्वांत धोकादायक कैद्याला डोळ्यांसमोर ठेवून बांधणं ही सगळ्यांत महागडी सवय आहे. बहुतेक कैद्यांना जाड स्टीलची गरज नसते. कडक सुरक्षेच्या कोठड्या एका विभागात गोळा करा. कमी धोक्याच्या लोकांसाठी बराक किंवा संडासाशिवायच्या कोठड्या चालतात. सामायिक सोयींसाठी अमेरिकन करेक्शनल असोसिएशनचं मानक 12 पुरुषांमागे एक संडास, 8 बायकांमागे एक, 12 जणांमागे एक शॉवर असं आहे. प्रत्येक कोठडीत स्टीलचं संडास-सिंक बसवण्यापेक्षा हे खूपच स्वस्त. पण रात्री दार बंद होणार असेल तर संडासापर्यंत जायची सोय काय, हे आधी ठरवा, नाहीतर दर वेळी जेलरला उठावं लागेल. बराक मात्र 100 टक्के नको. भांडण झालं की वेगळं करायला कोठडी लागतेच.

कोठड्या कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या किंवा स्टीलच्या तयार पेट्यांच्या घेतल्या तर जागेवरचा वेळ वाचतो. नळ-वायरिंगची पोकळी कोठडीच्या मागे ठेवली तर प्लंबर विभागात न शिरता काम करतो, म्हणजे त्याच्यासोबत पहारा लागत नाही. पुढे ठेवली तर बाहेरच्या भिंतीला खिडकी मिळते, पण दुरुस्ती कैद्यांच्या समोर. मी मागची पोकळी आणि डे-रूमला मोठा उजेड असं निवडेन, राज्याचे नियम कोठडीत खिडकी मागत नसतील तर. दर कोठडीचं पाणी दूरून बंद करता येईल असा व्हॉल्व्ह घ्याच. चादर संडासात कोंबून मजला पाण्याने भरवणं हा नेहमीचा प्रकार आहे.

पैसे कापू नयेत अशा जागाही आहेत. कुलपं आणि सरकती दारं स्वस्त घेतली की दुरुस्तीवाल्यासोबत रोज एक माणूस अडकतो. गळफास अडकवता येणार नाही अशा खुंट्या, जाळ्या आणि पलंग सगळ्या कोठड्यांत हवेत, फक्त देखरेखीच्या दोन खोल्यांत नव्हेत, कारण धोका कुणाला आहे हे आधी कळत नाही. डे-रूमच्या छताला आवाज शोषणारं आवरण हवं. 48 लोकांच्या गोंगाटात जेलरला काही ऐकू येत नसेल तर तिसऱ्या पद्धतीचा पायाच निघून जातो.

आग लागली तर कैद्यांना रस्त्यावर काढता येत नाही, शेजारच्या विभागात हलवतात. अमेरिकेतल्या बहुतेक ठिकाणी पाळल्या जाणाऱ्या इमारत संहितेत झोपण्याच्या मजल्याचे धुरापासून सुरक्षित असे किमान दोन भाग, एका भागात जास्तीत जास्त 200 माणसं आणि आश्रयासाठी माणशी 6 चौरस फूट मोकळी जागा सांगितली आहे. विभागांची मांडणी करतानाच या भिंती बसवल्या तर त्यांचा जादा खर्च फारसा येत नाही. शेवटी घुसवल्या तर नजरेच्या रेषा मोडतात. अपंगांसाठी किमान 3 टक्के कोठड्याही आधीच आखा, आणि त्या वेगवेगळ्या विभागांत पसरवा.

वाढीची तयारी म्हणून स्वयंपाकघर, कंट्रोल रूम आणि बुकिंग थोडी मोठी ठेवा आणि नवा विभाग जोडायला एक बाजू मोकळी सोडा. खाटा आज बांधून रिकाम्या ठेवू नका. त्याचबरोबर प्रत्येक विभाग स्वतंत्रपणे बंद करता आला पाहिजे, दिवे आणि हवा-उष्णतेसकट. संख्या 110 वर आली त्या महिन्यात एक विभाग मिटवून चार ड्युट्यांच्या तीन करता आल्या, तरच मुक्काम कमी केल्याचा फायदा तिजोरीत दिसतो.

सातवी पायरी: कंत्राट निघण्याआधी

आराखडा साठ टक्के झाला की शेरीफच्या माणसांना बोलवा, मुख्यतः रात्रपाळीवाल्यांना. टेबलावर प्लॅन पसरा आणि पहाटे तीनची वेळ धरून एकेक प्रसंग चालवा: एकाला झटका आलाय, एकाने मजला भरवलाय, त्याच वेळी पोलिसांची गाडी तिघांना घेऊन दारात आली आहे. कोण उठतो, त्याची जागा कोण घेतो, कुठलं दार कोण उघडतो? जिथे उत्तर मिळत नाही तिथे आराखडा बदला. एका कोठडीचा खऱ्या मापाचा नमुना बांधून घ्या आणि त्याच लोकांना त्यात गळफासाच्या जागा शोधायला लावा. ते अशा जागा दाखवतात ज्या आपल्याला सुचणार नाहीत.

मग ड्युट्यांची अंतिम यादी, दर ड्युटीमागची माणसं आणि पहिल्या पाच वर्षांचा पगार एका पानावर मांडून काउंटी कमिशनरांकडून मंजूर करून घ्या, बांधकामाच्या मंजुरीच्या त्याच बैठकीत. त्यात उद्घाटनाआधीचे काही महिनेही धरा, कारण नव्या पद्धतीत काम करणारी माणसं इमारत ताब्यात यायच्या आधी नेमून, शिकवून तयार करावी लागतात, आणि त्या काळात जुनं जेलही चालूच असतं.